बडोद्याला मामेसासऱ्यांकडे मुक्काम, साडेचार दिवस, आणि आम्हाला फिरायचंय

लिंबूटिंबू_प्रवासी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आधी कुठे चर्चा झाली असेल तर लिंक द्या, ओरडू नका.

आम्ही दोघं डोंबिवलीकर, लग्नाला दोन वर्षं झालीत आणि फिरायची हौस अजून शिल्लक आहे. ११ जानेवारीला रविवारी दुपारी बडोद्याला पोचतोय, १५ ला गुरुवारी रात्रीची परतीची गाडी. मुक्काम नवऱ्याच्या मामांकडे, दांडिया बाजारात एका 'पोळ'मधलं, म्हणजे जुन्या गल्ली-वस्तीतलं घर आहे. माणसं सोन्यासारखी आहेत आणि अडचण तीच आहे.

मागच्या वर्षी नाशिकला आत्तेसासूबाईंकडे तीन दिवस राहिलो. पाहिलं काय, तर त्यांच्या सोसायटीतला सत्यनारायण, दोन नातेवाइकांची घरं आणि आत्यांच्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम, तोही दोन भागांत. पंचवटी राहिली, पांडवलेणी राहिली. रोज सकाळी 'नाश्ता करून निघा' म्हणता म्हणता साडेअकरा व्हायचे आणि मग 'आता उन्हाचं कुठे जाता, जेवूनच जा'.

यावेळी मामा आत्ताच फोनवर म्हणालेत, 'मी रिटायर्ड माणूस, मी आहे ना, सगळं दाखवतो.' धास्ती त्याचीच आहे.

यादी अशी: लक्ष्मी विलास राजवाडा, स्टॅच्यू ऑफ युनिटी (नवऱ्याचा हट्ट), पावागड, कमाटी बाग, थोडी खरेदी. हे सगळं बसतंय का, आणि कोणाला न दुखावता रोज सकाळी घराबाहेर पडायचं कसं ते सांगा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

चहाबाज

हॉटेल घ्या. दोन दिवस हॉटेल, एक संध्याकाळ मामांकडे जेवण. विषय संपला.

कोथिंबीरवडी

@चहाबाज, दांडिया बाजारात मामांचं घर असताना अलकापुरीत हॉटेल? पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात ऐकावं लागेल तिला. 'आमच्याकडे कशाला येतील, त्यांना एसी लागतो.'

चहाबाज

ऐकायचं की. कानाला काय होतंय.

रावपुरावाला

आधी कॅलेंडर उघडा ताई. सोमवारी राजवाडा बंद, स्टॅच्यू ऑफ युनिटीपण सोमवारी बंद. १४ ला उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, आणि १५ ला वासी (शिळं) उत्तरायण, हे दोन दिवस अख्खं बडोदं गच्चीवर असतं, रिक्षासुद्धा शोधावी लागते, आणि टू-व्हीलरवर फिरणार असाल तर गळ्याला मफलर गुंडाळल्याशिवाय निघायचं नाही, मांजा खरोखर गळा कापतो, मस्करी नाही करत. म्हणजे तुमच्या साडेचार दिवसांत सगळं उघडं असलेला दिवस एकच, मंगळवार. त्या दिवशी राजवाडा आणि कमाटी बागेतलं म्युझियम. सोमवारी पावागड-चांपानेर, साधारण ५० किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघालात तर दुपारी चहाला घरी.

स्टॅच्यू ९० किलोमीटरच्या आसपास आहे, १८२ मीटरचा पुतळा, शिवाय धरण आणि बाकीची चार ठिकाणं, पूर्ण दिवस जातो. उत्तरायणच्या सुट्टीत तिथे गर्दी विचारू नका. माझं मत म्हणाल तर यावेळी सोडा, पुतळा कुठे पळत नाही.

आणि उत्तरायणला 'साइटसीइंग' हा शब्द तोंडातून काढू नका. त्या दिवशी बघायचं ते वर असतं.

ट्रेनवेडा

स्टॅच्यूला जायचंच ठरलं तर वाटेत डभोई येतं तिथे थांबा ही विनंती. हीरा भागोळ दरवाजाचं कोरीवकाम बघण्यासारखं आहेच, पण माझ्यासारख्यांसाठी डभोई म्हणजे नॅरो गेज. १८६२ साली खंडेराव गायकवाडांनी डभोई ते मियागाम रूळ टाकले आणि सुरुवातीला गाडी ओढायला बैल होते. बैल! इंजिनं नंतर आली. आता ब्रॉडगेज झालंय, जुनं काही फार उरलं नाही, तरी स्टेशनात उभं राहून चहा प्यावा असं गाव आहे.

अजून एक, मराठी माणसाने डभोईला जाऊन सेनापती दाभाड्यांची आठवण काढू नये हे काही बरं नाही. १ एप्रिल १७३१ ला थोरल्या बाजीरावांनी तिथेच त्र्यंबकराव दाभाड्यांना हरवलं, दाभाडे लढाईत पडले, आणि पिलाजी गायकवाड तेव्हा दाभाड्यांच्या बाजूने होते. हरलेल्या बाजूच्या माणसाच्या घराण्याने पुढे अख्खं राज्य उभं केलं. असो, अवांतर झालं.

कोथिंबीरवडी

अवांतरात भर: नाशिकला काही पाहिलं नाही म्हणतेस ना, मग हे ऐक. बडोद्यात ज्याच्या नावाने निम्मं गाव आहे ते सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा पोरगा, १८७५ ला दत्तक गेला तेव्हा बारा वर्षांचा. म्हणजे तुझं नाशिक बडोद्यात निघालं.

अलकापुरीची_सून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, यजमानाच्या, कारण इथे सगळे पाहुणेच बोलतायत. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत धर्मशाळा असते, सासरचे माहेरचे कोणी ना कोणी, आणि मला पाहुणे आवडतात हे आधी सांगून ठेवते. पण राग कशाचा येतो सांगू का, रात्री झोपताना 'उद्या सातला निघू' म्हणतात म्हणून मी पाचला उठून थेपले लाटते, चटणी करते, डबा भरते, आणि हे लोक नऊ वाजता डोळे चोळत बाहेर येऊन म्हणतात 'अरे तुम्ही कशाला त्रास घेतला'. मग नाश्ता, मग आंघोळी, गिझर एक आणि माणसं सहा, आणि शेवटी साडेअकराला निघताना तोंड वाकडं की 'पाहुणचारात वेळ जातो'. वेळ आमच्यामुळे जात नाही हो, तुमच्यामुळे जातो.

तेव्हा माझं म्हणणं, आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगायचं, 'मामी, उद्या पावणेसातला निघतोय, दुपारी जेवायला नाही, रात्री आहोत.' विचारायचं नाही, सांगायचं. आणि पावणेसात म्हणजे पावणेसात. यजमानाला आपण जाण्याचं वाईट वाटत नाही, भात किती लावायचा ते न कळण्याचं वाटतं.

आणि मामांना एक काम द्या. फक्त एक, आणि त्यांच्या आवडीचं. रिटायर्ड माणसाला 'तुम्ही आराम करा' म्हणालात की चारही दिवस तेच तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर.

चहाबाज

@अलकापुरीची_सून, 'भात किती लावायचा ते न कळण्याचं'. फ्रेम करून किचनमध्ये लावतो हे.

सध्या_टोरांटो

धागा बघून पोटात कालवाकालव झाली, आमची पाच वर्षं एमएसयूत (महाराजा सयाजीराव विद्यापीठात) फाइन आर्ट्सला गेली. लोक राजवाडा बघतात आणि निघतात. राजवाडा मस्तच आहे, मेजर मँटनी आराखडा केला, ते मध्येच वारले, मग चिझमनी १८९० ला पूर्ण केला, तरी माझा जीव कमाटी बागेतल्या म्युझियमवर. १८९४ ची इमारत, आत इजिप्तची ममी, आणि देवमाशाचा आख्खा सांगाडा जो १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आला होता. वरची युरोपियन चित्रं पहिल्या महायुद्धामुळे तिकडेच अडकून पडली होती म्हणून ती गॅलरी १९२१ ला उघडली. आम्ही परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास सोडून त्या सांगाड्याखाली बसायचो, थंड असायचं म्हणून.

कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, मीरा, महाभारत. आत जाता येतंय का ते मामांना चौकशी करायला सांग. हे घे, मामांना काम मिळालं.

आणि सेव उसळ खाताना तरी कमी मागू नकोस, अपमान असतो तो.

निमूट_वाचक

सहसा लिहीत नाही. कमाटी बागेत जाणारच आहात तर तिथे संकल्प भूमी म्हणतात ती जागा आहे तिथे पाच मिनिटं थांबा. सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीच्या करारापोटी बडोद्याला नोकरीला आले आणि त्यांना या शहरात राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं. मग बागेत एका वडाखाली बसून राहिले. 'मुक्काम कुठे करावा' या धाग्यावर हे आठवलं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

लिंबूटिंबू_प्रवासी

@निमूट_वाचक, नक्की थांबू. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

@अलकापुरीची_सून, तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली, तो 'नऊ वाजता उठतात' पाशी गप्प झाला.

एक शेवटचं, मामींना काय न्यावं? साडी नको, मागच्या तीन तशाच पडल्यात म्हणे.

अलकापुरीची_सून

चितळ्यांची बाकरवडी मात्र आणू नका, बडोद्याला भाखरवडी आणणं म्हणजे उल्हासनगरला फर्निचर नेणं. कोकम आगळ, चांगला गोडा मसाला, आणि तिळाच्या वड्या न्या, संक्रांत आहे. इकडे चिक्की मिळते पण आपली मऊ वडी मिळत नाही. आणि वस्तूपेक्षा मामींना एक दिवस बाहेर न्या, पाहुण्यांच्या गाडीत मामा बसतात आणि मामी घरी कुकर लावतात हा सगळीकडचा रिवाज आहे.

लिंबूटिंबू_प्रवासी

आलो परत! वृत्तांत लिहिते म्हणाले होते तर लिहिते, लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

रविवारी पोचलो. मामींचं पहिलं वाक्य, 'ये ने, बस ने, आधी चा घे,' आणि चहाबरोबर चार डबे उघडले. संध्याकाळी मामा म्हणाले पाय मोकळे करू, सुरसागरला चक्कर मारू. तलावाच्या मध्यात महादेवाची शंभर फुटांहून उंच मूर्ती आहे, दिवे लागले की पाण्यात पूर्ण दिसते, आणि तलाव घरापासून जवळ आहे. पण आम्हाला तिथे पोचायला पाऊण तास लागला कारण दर दहा पावलांवर 'हा भाचा, ही सून, मुंबईचे'. निम्म्या लोकांशी मामा गुजरातीत सुरुवात करून मराठीत संपवत होते आणि निम्म्यांशी उलटं. पाळण्यातल्या बाळालासुद्धा ओळख करून दिली.

रात्री जेवताना मी धीर करून सांगितलं, 'मामी, उद्या पावणेसातला पावागडला निघतोय. तुम्ही चला आमच्याबरोबर.' शांतता. मामा म्हणाले, 'ती कुठे येते, तिचे गुडघे.' मामी काही बोलल्या नाहीत. सकाळी साडेसहाला मी दात घासत बाहेर आले तर मामी पुढच्या खोलीत तयार, स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर स्टीलचा डबा.

रोपवे माचीपासून आहे पण तो वरच्या पायऱ्यांपर्यंतच नेतो, पुढे देवळापर्यंत चढायचंच. तिथे चौसष्ट वर्षांच्या, गुडघेवाल्या मामी पुढे, मी मध्ये धापा टाकत, आणि नवरा मागे फोटो काढायच्या बहाण्याने बसलेला. मी विचारलं मामी गुडघे? तर म्हणाल्या, 'गुडघे घरात दुखतात गं, बाहेर नाही दुखत.' कालिकामातेचं दर्शन झालं, मामींनी मोजून पाच नारळ घेतले, कोणाकोणाचे ते विचारलं नाही.

खाली चांपानेर, तिथे मात्र गर्दी नावाला नाही. महमूद बेगड्याने १४८४ ला किल्ला घेतल्यावर राजधानी इथे आणली, पुढे हुमायून आला आणि मग हळूहळू ओस पडली. जामा मशिदीत खांबांचं जंगल आहे, मधल्या घुमटाखाली उभं राहून वर बघितलं की छतातलं कोरीवकाम कितीतरी वेळ संपत नाही, आणि ते नक्षीकाम बघताना देवळात आलोय की मशिदीत ते चटकन सांगता येत नाही. २००४ ला युनेस्कोच्या यादीत गेलंय. मामी तोवर बाहेर झाडाखाली बसल्या होत्या, आम्ही आलो तेव्हा तीन अनोळखी बायकांना थेपले वाटून झाले होते.

मामांना काम दिलं होतं ते सेव उसळीचं. चार वाजता घरी आलो तर मामा दारातच, 'कुठली खायची ते ठरवलंय, तीन ठिकाणी जाऊन बघून आलो.' टेस्ट करून आलेत! लालभडक तरी, वर मूठभर शेव, कांद्याची पात, पाव वेगळा. @सध्या_टोरांटो, तरी कमी नाही मागितली, रात्रभर पाणी पीत होते.

मंगळवार आमचा दोघांचा. राजवाडा सकाळी, कानाला ऑडिओ गाइड लावून. राजघराणं अजून तिथेच राहतं म्हणून थोडाच भाग बघता येतो आणि आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे नवरा पहिल्यांदा नीट डोळ्यांनी बघत होता. दरबार हॉलच्या रंगीत काचा, आणि आवारातल्या फतेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्यांची चित्रं, कॅलेंडरवर आयुष्यभर पाहिलेलं ओरिजिनल समोर एवढं मोठं असतं हे माहीत नव्हतं. दुपारी कमाटी बाग. देवमासा पाहिला, त्याच्याखाली जरा वेळ उभी राहिले. वडाच्या जागीपण थांबलो.

तिथून निघताना काळा घोडा म्हणतात त्या पुतळ्याजवळच्या पुलावर माणसं कठड्याला टेकून खाली बघत होती म्हणून आम्हीपण टेकलो. विश्वामित्रीच्या काठावर चिखलात ओंडका पडलेला. मी म्हटलं काय बघतायत एवढं, आणि ओंडक्याने तोंड उघडलं. मगर! भर शहरात! शेजारचे काका शेंगा खात शांतपणे म्हणाले, 'ही लहान आहे.' २०२४ च्या ऑगस्टातल्या पुरात रस्त्यावर, अंगणात आल्या होत्या म्हणे, वनखात्याचे लोक पकडून नेत होते.

रावपुरावाला

म्हणे नाही, आल्याच होत्या. आमच्या मागच्या गल्लीत होती. पुढे लिहा, उत्तरायण?

लिंबूटिंबू_प्रवासी

लिहिते. बुधवारी नवरा सकाळी स्टॅच्यू स्टॅच्यू करत फुरंगटून बसला होता. मामांनी काही न बोलता हातात फिरकी दिली. दुपारी बारापर्यंत सगळ्या बोटांना पट्ट्या, अंगात आलेलं, शेजारच्या गच्चीवरच्या दहा वर्षांच्या पोराशी खुन्नस आणि 'काप्यो छे' ची आरोळी डोंबिवलीच्या हेलात. उंधियो, जलेबी, चिक्की, सगळं गच्चीवरच. मी मान वर करून करून दुखवून घेतली. स्टॅच्यूचं नाव परत निघालं नाही, थेट गाडीत बसल्यावर निघालं, 'राहिलंच की गं.'

गुरुवारी वासी उत्तरायण, सकाळी गच्ची अजून थंड होती. मी मामांना विचारलं तांबेकर वाडा लांब आहे का, कुठेतरी वाचलं होतं. मामा म्हणाले, 'लांब कसला, दहा मिनिटं, भाजी आणायला त्याच्यावरूनच जातो.' आत काय आहे विचारलं तर जरा थांबले. 'आत नाही गेलो कधी.' सत्तरीचा माणूस, जन्म इथला. मग उठले, टोपी घातली, 'चल, मीपण येतो.'

लाकडी वाडा, बाहेरून बघाल तर पुढे निघून जाल. दारावर पुरातत्त्व खात्याची पाटी. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा वाडा. जिना इतका उभा की मामा एक हात कठड्यावर आणि एक नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून चढले. वर एका खोलीत गेलो आणि तिघंही गप्पच. भिंती, दारं, छत, बोटभर जागा सोडलेली नाही, सगळीकडे चित्रं. कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, मराठे आणि इंग्रजांच्या लढाया, आणि मध्येच गोऱ्या मडमा. खालच्या पट्ट्यात रंग उडालाय, माणसांच्या पाठी टेकून टेकून उडाला असावा तसा, वरचे लाल-हिरवे अजून ताजे. मामा चष्मा कपाळावर सरकवून भिंतीला नाक लावून बघत होते. एका नऊवारीतल्या बाईपाशी थांबले आणि म्हणाले, 'ही आईसारखी बसलीय बघ. अशीच, एक गुडघा वर करून, तांदूळ निवडायला.' नवऱ्याची आजी ती. तो तिच्या वेळी लहान होता, त्याला काही आठवत नव्हतं, तो बराच वेळ त्या चित्रासमोर उभा राहिला.

परत येताना मामांनी भाजी घेतली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न, 'तू तांबेकर वाडा आतून पाहिलायस?' पाच जणांना विचारलं, पाचही जण नाही म्हणाले, मामा खूश.

सध्या_टोरांटो

मी पाच वर्षं राहून नाही पाहिला. आता काय बोलू.

कोथिंबीरवडी

मामांना धाग्यावर आणा.

चहाबाज

मी हॉटेलचा सल्ला मागे घेतो. अर्धा. गिझर एकच होता का ते सांगितलं नाही.

लिंबूटिंबू_प्रवासी

एकच होता. आम्ही रात्री आंघोळ करायचो, नवऱ्याची आयडिया, आयुष्यातली पहिली चांगली.

अलकापुरीची_सून

वाचून बरं वाटलं, मामी पावागडला गेल्या तिथेच मला सगळं पावलं. आता एक विचारते, निघताना गाडीत खायला मामींनी डबा दिला असेलच. स्टीलचा. परत केलात का?

लिंबूटिंबू_प्रवासी

आमच्याच ओट्यावर आहे, समोर दिसतोय. तोच, पावागडवाला, झाकणावर मामांच्या आईचं नाव कोरलंय. रिकामा कसा पाठवू, आणि भरून पाठवायचा तर काय भरू?

अलकापुरीची_सून

कुरियरने पाठवू नका. घेऊन जा.

ट्रेनवेडा

आणि यावेळी डभोई.